सणांनंतरचा मलिदा

आमच्या एजवेअरच्या घरात पुढच्या खोलीत दोन तसबिरी समोरासमोर टांगलेल्या आहेत. एकीत माझा गणपती. दुसरीत शिमोनचा एलियाहू हनबी, पांढऱ्या दाढीचा, आगीच्या रथात बसून वर चाललेला. "एलियाहू देव नाही, संदेष्टा आहे," असं शिमोन मला लग्न झाल्यापासून सांगत आला. मी म्हणायचे, "असेल. पण तुमच्याकडे काही अडलं की धावून तोच येतो ना? मग मी त्यालाच देव म्हणणार." त्यावर तो नुसता हसायचा. वाद घालायची त्याला हौस नव्हती, त्याच्या वाटची माझ्याकडे आली होती.

शिमोन पेणकर म्हणजे बेने इस्राएल, कोकणातला ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की हिब्रू, एरवी मराठी, आणि तीही माझ्याहून गोड. मी सदाशिव पेठेतली. मुंबईला एका ऑफिसात भेटलो, रजिस्टर लग्न केलं आणि दोन्ही घरांचा राग निवेपर्यंत म्हणून लंडनला आलो ते इथलेच झालो. धर्म मी बदलला नाही. त्यानं मागितलं नाही, मी सुचवलं नाही. पण घरात दूध आणि मटण कधी एका ताटात आलं नाही, आणि योम किप्पूरचा कडक उपास मी दर वर्षी त्याच्याबरोबर केला, कारण घरातलं माणूस उपाशी बसलेलं असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही. माझ्या मते एवढं पुरेसं होतं. सिनॅगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराच्या, मते नव्हतं. आमची दिना अठरा वर्षांची झाली तेव्हा तिला कुणीतरी गोड शब्दांत समजावलं, की आई ज्यू नाही म्हणून तीही नाही; व्हायचं असेल तर रीतसर अर्ज करावा आणि थांबावं. तिनं त्या दिवसापासून दोन्हीकडचं सोडलं. आता ती ब्रिस्टलला विमानांच्या पंखांवर काम करते आणि देवाचा विषय निघाला की फोन ठेवते.

आता मलिद्याबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोहे भिजवायचे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम, मनुका. परातीत त्याचा डोंगर रचायचा आणि भोवती फळं मांडायची. दहा पुरुष जमले की एलियाहू हनबीचं नाव घेऊन गायचं, फळांवर आशीर्वाद म्हणायचे, मग वाटायचं. जगातले बाकीचे ज्यू हे करत नाहीत. हे आमच्याच लोकांचं आहे. आमच्या म्हणजे शिमोनच्या, पण माझ्या तोंडात आता असंच बसलंय. नवस फेडायचा तो मलिद्यानंच. आणि पेणकरांच्या घरची रीत अशी, की नवस ज्याच्यासाठी बोललेला असेल त्याला, बोलणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पहिला घास भरवायचा. तो घास गिळला जाईपर्यंत बाकी कुणी मलिद्याला हात लावायचा नाही.

दिनाच्या वेळी बाळंतपणात माझ्या रक्तात विष पसरलं होतं. डॉक्टरांनी शिमोनला कोपऱ्यात नेऊन काय ते सांगितलं आणि तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या नवस बोलला. मी वाचले. घरी आल्यावर याच पुढच्या खोलीत मलिदा झाला. पार हाउन्सलोहून माणसं आली होती, दिना पाळण्यात किंचाळत होती, आणि शिमोननं मला पहिला घास भरवला तेव्हा अर्धे पोहे माझ्या साडीवर पडले. नवस फिटला. मला हे लख्ख आठवतं. शिमोनला मात्र आठवेनासं झालं.

त्याचं विसरणं आधी चष्मा आणि किल्ल्यांपुरतं होतं. मग तो गॅस चालू ठेवून बाहेर पडायला लागला, एकदा तर सपाता घालून बस स्टॉपवर सापडला. माझे गुडघे हे असे. शेवटी त्याला केअर होममध्ये ठेवावं लागलं. दिना म्हणत होती ब्रिस्टलला एक चांगलं आहे. मी म्हटलं, नाही, ज्यू लोकांचं आहे तिथंच. शुक्रवारी दिवे लागतील, कानावर प्रार्थना पडेल, एवढं तरी त्याच्या ओळखीचं राहू दे. होम खरंच चांगलं आहे. स्वच्छ, शांत, माणसं प्रेमळ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की स्वयंपाकघर काटेकोर कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांनी चालणारं आहे, त्यामुळे बाहेरचं शिजवलेलं, चिरलेलं, उघडं असं काही आत आणायचं नाही. मी मान डोलावली. मला वाटलं, मला आणायचंय काय, दोन केळी?

उन्हाळ्यात एक दिवस मी गेले तर शिमोन खुर्चीत ताठ बसलेला.

"यमू, मलिदा केलास?"

"कसला मलिदा?"

"नवसाचा. तू बरी झालीस, दिना झाली, आणि मी नवस फेडलाच नाही. कसा विसरलो?"

"फेडलास रे. घरी केला होता. हाउन्सलोहून सगळे आले होते."

त्यानं खूप आठवून पाहिलं. मग म्हणाला, "मग मला कसं आठवत नाही?"

आणि हे एका दिवसाचं नव्हतं. रोज तेच. नवस राहिला की दिलेलं परत मागून घेतात, असं त्याच्या आईनं त्याच्या मनावर कधीतरी बिंबवलं होतं. बाकी सगळं पुसलं गेलं आणि तेवढं राहिलं. मी निघायला लागले की तो माझं मनगट घट्ट धरायचा. "नको जाऊ. तुला काही झालं तर?" मी घरी जाऊन मरणार अशी त्याची खात्रीच होती. रोज कुणीतरी नर्स येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवायची आणि मी त्याला रडत ठेवून बस पकडायचे. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, आणि त्याला रोज संध्याकाळी माझ्या मरणाची भीती. घरी येऊन मी एलियाहूच्या तसबिरीसमोर उभी राहायचे आणि भांडायचे. "तुझा नवस तुला पोचलाय हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्याला सांगायला काय होतं तुला? एवढा रथ आहे, एजवेअर रोडवरून जायला किती वेळ लागतो?"

मग मीच ठरवलं, आपण परत करू. एका नवसाचे दोन मलिदे झाले म्हणून कुणी दंड करत नाही. घरी पोहे भिजवले, नारळ खवला, वेलची कुटली आणि स्टीलचा डबा पर्समध्ये रुमालाखाली दडवून नेला. दार लावून घेतलं आणि डबा उघडला. वास आला तसा शिमोनचा चेहरा असा उजळला की काय सांगू. कितीतरी महिन्यांत मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"मलिदा," तो म्हणाला.

"मलिदा. चल, भरव मला. पहिला घास माझा."

त्यानं चिमूट उचलली आणि थांबला. "दहा माणसं कुठायत?"

"नाही मिळाली. आपण दोघंच करू."

"इथल्या लोकांना सांगितलंस?"

"त्यांना कशाला सांगायचं? नाही म्हणतील."

त्यानं चिमूट परत डब्यात ठेवली, अगदी हळू. "यमू, चोरून फेडलेला नवस पोचतो का?"

मला राग आला. त्याला विसरायला सगळं जग होतं, आणि विसरला नाही तो नेमके नियम. मी त्याला कितीदा तरी म्हटलंय, देव माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या ऑफिसशी माझं काही काम नाही. पण शिमोनचा देव ऑफिसातच बसतो. रांगेत उभं राहून, सरळ मार्गानं गेलं तरच भेटतो. त्यात शिमोनला कधी कमीपणा वाटला नाही. मी डबा मिटला आणि दुसऱ्या दिवशी रांगेत जाऊन उभी राहिले.

रांगेच्या तोंडाशी होता ऍडम. स्वयंपाकघरात सगळं नियमानं होतंय ना हे बघायचं त्याचं काम. पन्नाशीचा, ढेरपोट्या, डोक्यावर काळी टोपी, आणि स्वभावानं इतका भला की त्याच्याशी भांडताही येईना. त्यानं मला चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मलिदा हा शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकला होता.

"मिसेस पेणकर, फळांचं काहीच नाही," तो म्हणाला. "अख्खी आणा, मी इथं चिरून देतो. नारळही चालेल. साखर, बदाम आमच्याकडे आहेत. प्रश्न पोह्यांचा आहे."

"पोह्यांत काय प्रश्न? भात कांडून चपटा केलेला असतो."

"म्हणजे आधी उकडलेला. कुठल्या भांड्यात? त्या कारखान्यात आणखी काय शिजतं? पाकिटावर आमचा शिक्का नाही."

"तुमचा शिक्का असलेले पोहे मिळतात कुठे?"

त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की त्यानं असे कधी पाहिले नाहीत, आणि असा निर्णय धर्मगुरू म्हणजे रब्बायच देतात. "मी रब्बायना विचारतो. ते हो म्हणाले तर मी स्वतः करून देईन."

"मग विचारा ना. आत्ता फोन लावा."

ऍडमनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सप्टेंबर होता. "सण जवळ आले. आमचं नवीन वर्ष, योम किप्पूर, मग सुक्कोत. या दिवसांत रब्बायना श्वास घ्यायला फुरसत नसते. सणांनंतर विचारतो."

हा 'सणांनंतर' मला ठाऊक होता. लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. नळ दुरुस्त करायचा, सणांनंतर. दाढ काढायची, सणांनंतर. शरद ऋतूत ज्यू माणसाचं सगळं आयुष्य सणांनंतर असतं. आपल्याकडेही गणपती होऊ देत, दिवाळी होऊ दे, असं चालतंच, त्यामुळे मी कधी नावं ठेवली नाहीत. पण या वेळी मी ऍडमला म्हटलं, "त्याच्याकडे तेवढा वेळ नसला तर?"

"डॉक्टर काही म्हणाले का?"

"डॉक्टरांचं नाही म्हणत मी. तो रोज थोडा थोडा कमी होतोय. आज मला ओळखतोय."

ऍडमनं मान खाली घातली. त्यानं त्याच संध्याकाळी रब्बायना निरोप ठेवला, हे मला नंतर कळलं. उत्तर आलं, की हे निकडीच्या दुखण्याचं नाही, नवस आधीच फिटलेला आहे, तर सणांनंतर नीट बघू. नियमाला धरून बघितलं तर बरोबरच होतं. कुणाचंच काही चुकलं नाही, आणि हेच मला आजही गिळता येत नाही. कुणी दुष्ट असता तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

नवीन वर्ष झालं. होममध्ये सगळ्यांना मधात बुडवलेली सफरचंदाची फोड दिली. शिमोननं ती हातात धरून मला विचारलं, "यमू, हा मलिदा आहे का?" मी नाही म्हटलं. योम किप्पूरला मी नेहमीसारखा उपास केला. त्याला डॉक्टरांनी मना केला होता, म्हणून दोघांचा मीच केला. सुक्कोतचा मांडव होमच्या बागेत घातला होता. पावसात तो गळत होता आणि आतले म्हातारे सूप पीत होते. शिमोन माझ्याशेजारी बसला होता. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही पेणच्या का?"

मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

त्या रात्री मी दिनाला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, मी येते वीकेंडला. पण ऐक, त्यानं डॅडीची ब्रेन ठीक नाही होणार ना? ती पोहे दिली काय नाही दिली काय."

"ब्रेन ठीक व्हायला नकोय मला. त्याची भीती जायला हवीये. मला ओळखतोय तोवर त्यानं मला भरवलं पाहिजे, म्हणजे त्याच्या डोळ्यांना दिसेल की झालं, फिटलं."

दिना म्हणाली, "त्या लोकांनी मला पण वेटच करायला सांगितला होता." आणि रडायला लागली. मी तिला गप्प केलं. मला कुणी गप्प करायला नव्हतं, म्हणून मी रडले नाही.

दिना वीकेंडला येऊन गेली. सण संपले. मी रोज ऍडमच्या दारात जाऊन उभी. तो बिचारा रोज फोन करायचा. रब्बायना पोह्यांचं पाकीट बघायचं होतं, ते मी दिलं. मग त्यांना ते कसे बनतात ते हवं होतं; ऍडमनं म्हणे लेस्टरच्या कुठल्याशा व्यापाऱ्याला गाठून सगळं विचारून घेतलं. मग त्यांनी आणखी एका मोठ्या रब्बायना विचारलं. इकडे शिमोन कधी मला 'यमू' म्हणायचा, कधी 'सिस्टर', कधी नुसताच हसायचा. भीती मात्र एक दिवस सुटली नाही. फक्त तिचं रूप बदललं. आता यमू हॉस्पिटलमध्ये होती, तापानं फणफणलेली, आणि बाळ काचेच्या पेटीत. मी समोर बसलेली असताना तो दाराकडे बघायचा आणि म्हणायचा, "तिकडून काही निरोप आला का?"

नोव्हेंबरात परवानगी आली. ऍडम पायऱ्या उतरून धावत आला, त्याला दम लागला होता. न उघडलेलं पाकीट, होमची भांडी, होमचं स्वयंपाकघर, आणि हात ऍडमचे. मी आत जायचं नाही. तो नियम धर्माचा नव्हता, स्वच्छतेचा होता, पण नाही म्हणजे नाही. मी जेवण द्यायच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसले आणि तिथून सांगत राहिले. नारळ त्यानं मागच्या पायरीवर हातोडीनं फोडला, आणि सगळं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. पोहे त्यानं आधी पांढऱ्या कापडावर पसरून किडा-मुंगी बघितली, मग चाळले, मग धुतले, मग परत बघितले, परत धुतले. मी खिडकीतून ओरडतेय, "पुरे, पुरे, पाणी काढा." पण त्यांच्यात किडा पोटात जाणं हे मोठं पाप. तिसऱ्या धुण्यानंतर पोह्यांची खळ झाली. ऍडमनं ते भांडं मला दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा शाळेत नापास झालेल्या मुलासारखा होता. मी पर्समधून दुसरं पाकीट काढून दिलं. म्हटलं, "या वेळी कोरडे असतानाच काय बघायचं ते बघून घ्या. पाणी मी सांगेन तेव्हा." दुसऱ्या वेळी जमलं. वेलचीचा वास कॉरिडॉरभर पसरला आणि व्हीलचेअरमधल्या दोन बायका वासाच्या मागोमाग आल्या.

दुपारच्या प्रार्थनेला होममध्ये दहा पुरुष जमतातच. ऍडमनं प्रार्थनेनंतर त्यांना थांबवून घेतलं. कुणी पोलंडच्या आईबापांचा, कुणी जर्मनीहून लहानपणी आलेला, कुणी इथलाच. पोह्यांचा डोंगर बघून एक म्हणाला, "हा वाढदिवसाचा केक आहे का?" एक जण खुर्चीत घोरत होता. मी ऍडमला विचारलं, "हा धरून दहा होतात, चालेल का?" तो म्हणाला, "दहात एक झोपलेला चालतो. तसं लिहिलेलंच आहे." मला हसू आलं. वाटलं, इतका विचार केलेल्या धर्मात माझ्यासाठीही कुठंतरी एक ओळ असेल.

मलिदा म्हणणार कोण? ऍडमला चाल माहीत नव्हती, बाकीच्यांना तर काहीच नाही. पण शिमोनसमोर परात ठेवली, त्यावर मी आणलेलं गुलाबाचं फूल ठेवलं, आणि त्यानं डोळे मिटून गायला सुरुवात केली. एलियाहू हनबी, एलियाहू हनबी. एक अक्षर चुकलं नाही. तीच त्याच्या बापाची चाल, थोडी भजनासारखी, थोडी कोळीगीतासारखी. दिवस-वार विसरलेल्या माणसाच्या तोंडून लांबच लांब हिब्रू झऱ्यासारखं येत होतं. त्यानं खजूर उचलला आणि आशीर्वाद म्हटला. सगळे 'आमेन' म्हणाले. घोरणाराही जागा होऊन म्हणाला. मीही म्हटलं. केळं, सफरचंद, सगळं रीतसर झालं. मी मनात म्हटलं, एलियाहू, आजपर्यंत तुला बोलले ते सगळं परत घेते. फक्त हा एक घास होऊ दे.

शिमोननं मलिद्याची मूठ भरली. मी त्याच्या समोर बसले होते, मुद्दाम जुनी साडी नेसून, तीच, जिच्यावर तेव्हा पोहे सांडले होते. मी तोंड पुढं केलं.

शिमोन थांबला. माझ्याकडे बघून त्यानं सभ्यपणे मान हलवली.

"बाई, जरा थांबा हं. रागावू नका. पहिला घास यमूचा असतो."

"शिमोन, मीच यमू."

तो हसला. अनोळखी माणसाला बरं वाटावं म्हणून हसतात तसं. "यमू हॉस्पिटलात आहे. तिच्यासाठीच तर बोललोय." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "तुम्ही तिकडे जाणार आहात का? तुमचा चेहरा ओळखीचा वाटतो. तुम्ही द्याल ना तिला?"

मी साडी दाखवली. दिनाचं नाव घेतलं. त्याच्या आईचं नाव घेतलं, पेणच्या घराचं, मुंबईच्या ऑफिसचं. त्याला सगळ्याचं कौतुक वाटलं. ही बाई आपल्याला इतकी ओळखते म्हणून. ऍडम पुढं झाला आणि म्हणाला, "मिस्टर पेणकर, या तुमच्या मिसेस आहेत." शिमोन त्याला इंग्रजीत, अगदी हळू आवाजात म्हणाला, की माझी बायको जगेल की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा कृपा करून अशी थट्टा करू नका.

मग त्यानं ती मूठ कागदी रुमालावर सोडली, त्याची पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "तुमच्या हातानं भरवा. तिनं गिळलं की मला येऊन सांगा. तोवर इथं कुणी खाणार नाही."

आणि कुणी खाल्लं नाही. दहाच्या दहा म्हातारे परातीकडे बघत बसले, मग चहाची वेळ झाली आणि एकेकाला ढकलत घेऊन गेले. ऍडम भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे भरले होते. मला म्हणाला, "मी सप्टेंबरातच त्यांच्यावर जोर करायला हवा होता." हो म्हणावंसं वाटत होतं, पण तो बिचारा दोनदा पोहे भिजवून दमला होता.

बसमध्ये मी पुडी मांडीवर धरून बसले. घरी आले, कोट न काढता पुढच्या खोलीत गेले आणि दोन तसबिरींच्या मध्ये उभी राहिले. पुडी सोडली आणि माझ्याच हातानं माझ्या तोंडात घास घातला. साखर जरा कमी होती. मग मात्र मी खूप रडले, कारण तो घास नवऱ्यानं मलाच पाठवला होता आणि तो पोचवणारीही मीच होते.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा शिमोन दाराकडे डोळे लावून बसला होता. मला पाहून उठायला लागला.

"दिलात?"

"दिला."

"गिळला तिनं? तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. सगळा खाल्ला. साखर कमी आहे म्हणाली."

"मग तीच," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले. उन्हाळ्यापासून वर चढलेले ते खांदे मी पहिल्यांदाच खाली आलेले पाहिले. तो खुर्चीत मागे टेकला. डोळे मिटले. मला वाटलं, झालं, फिटलं, आता कुणीही ओळखू दे न ओळखू दे.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले.

"बरी झाली ना ती?"

"अगदी बरी आहे."

"मग ती मला भेटायला का येत नाही?"

मी त्याचा हात हातात घेतला. तोच हात, जो रोज संध्याकाळी माझं मनगट सोडायला तयार नसायचा. शिमोननं तो हळूच सोडवून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"राग मानू नका," तो म्हणाला. "तुम्ही फार केलंत आमच्यासाठी. पण माझी बायको यायची आहे. असं बरं दिसत नाही."